ट्रान्झिस्टरमधल्या एका इलेक्ट्रॉनचा क्युबिट कसा करायचा

साध्या ट्रान्झिस्टरमध्ये गेटला व्होल्टेज दिलं की खालून इलेक्ट्रॉनचा लोंढा सुरू होतो, आपल्याला त्यातला एकच हवाय, कारण त्याचा स्पिन (छोट्या चुंबकासारखी दिशा, वर किंवा खाली) हाच आपला क्युबिट, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा बिट. म्हणून गेट एक नाही, शेजारीशेजारी बरेच लावतात, मधला गेट इलेक्ट्रॉनसाठी खड्डा करतो (खराखुरा नाही, व्होल्टेजचा) आणि बाजूचे दोन शेताच्या बांधासारखे अडवून धरतात. खड्डा साधारण 50 नॅनोमीटरचा.

आता मधल्या गेटचं व्होल्टेज हळूहळू कमी करत जायचं, इलेक्ट्रॉन एकेक करून निघून जातात आणि प्रत्येक वेळी शेजारच्या सेन्सरचा करंट टुणकन उडी मारतो. उड्या थांबल्या म्हणजे खड्डा रिकामा, मग परत एक आत घ्यायचा. ऐकायला सोपं, पण खरा वेळ इथेच जातो, कारण एक गेट हलवला की शेजारचे पण बिघडतात.

सिलिकॉन कुठलंही चालत नाही हं. नेहमीच्या सिलिकॉनमधले 4.7 टक्के अणू सिलिकॉन-29 असतात, त्यांच्या न्यूक्लियसलाच स्पिन असतो आणि तो आपल्या इलेक्ट्रॉनला सतत डिस्टर्ब करतो, म्हणून शुद्ध सिलिकॉन-28 वापरायचं. गॅलियम आर्सेनाइडमध्ये तर सगळेच अणू असले, म्हणून लोकांनी ते मागे टाकलं.

मग मॅग्नेट. 1 टेस्लाला स्पिन वर आणि खाली यांच्यात 28 गिगाहर्ट्झचा फरक पडतो, म्हणजे तापमानात सांगायचं तर जेमतेम 1.3 केल्विन, त्यामुळे फ्रिज त्याच्या बराच खाली, 0.1 केल्विनच्या आसपास न्यायचा, नाहीतर उष्णतेनेच स्पिन उलटसुलट होत राहणार.

फिरवायचं कसं, तर बरोबर तेवढ्याच फ्रिक्वेन्सीचा मायक्रोवेव्ह पल्स. रॅबी फ्रिक्वेन्सी, म्हणजे पल्स चालू असताना स्पिन सेकंदाला किती वेळा उलटून परत जागेवर येतो ती, 1 मेगाहर्ट्झ असेल तर अर्ध्या मायक्रोसेकंदात स्पिन पूर्ण उलटा, पाव मायक्रोसेकंदात थांबलात तर सुपरपोझिशन, म्हणजे वर आणि खाली दोन्ही एकदम.

वाचायची आयडिया मला सगळ्यात भारी वाटते! स्पिन थेट दिसतच नाही, म्हणून खड्ड्याची लेव्हल अशी ठेवायची की जास्त एनर्जीचा स्पिन असेल तरच इलेक्ट्रॉन बाहेर पडेल, आणि पडला की सेन्सर सांगतोच. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या ग्रुपने 2004 मध्ये हे करून दाखवलं.

दोन क्युबिट जोडायला मधला बांध क्षणभर खाली करायचा, बस्स, एक्सचेंज सुरू, म्हणजे दोघांचे स्पिन एकमेकांवर परिणाम करायला लागतात. लॅब नसेल तर पायथनमध्ये क्यूटिप (क्वांटम सिम्युलेशनची लायब्ररी) टाका आणि आधी नुसता रॅबीचा ग्राफ काढून बघा.