जुन्या गाडीतील कुबट वास : सुगंध शोधण्याआधी पाणी शोधा, या चुका टाळा

वर्ष-दोन वर्षे दारात उभी राहिलेली गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेतली जाते आणि दार उघडताच भिजलेल्या पोत्यासारखा कुबट दर्प नाकाला लागतो. कोल्हापूरसारख्या ठिकाणी, जिथे जून ते सप्टेंबर हवेतील ओल हटत नाही, तिथे हा अनुभव अनेकांना येतो. अशा वेळी बहुतेक जण आधी सुगंधाची बाटली आणतात. माझ्या मते सगळ्या चुकांचे मूळ तिथेच आहे. कुबट वास हा घाणीपेक्षा ओलीचा प्रश्न आहे. गाडीत पाणी कोठून येते आणि कोठे साचते हे कळल्याशिवाय केलेली कोणतीही साफसफाई आठ-पंधरा दिवसांपलीकडे टिकत नाही.

माझ्या मेहुण्यांनी घेतलेली गाडी कसबा बावड्यात एका गुलमोहराखाली दोन पावसाळे उभी होती. त्यांनी पैसे मोजून दोनदा आतील स्वच्छता करून घेतली, सीटना शाम्पू लावला, आणि दोन्ही वेळा आठवडाभरात वास परत आला. शेवटी आम्ही पुढची डावी सीट काढून कार्पेट उचलले, तेव्हा वरचा कपडा कोरडा असूनही खालचा नमदा पिळला तर पाणी गळेल इतका ओला निघाला. वायपरखालच्या जाळीत गुलमोहराची बारीक पाने कुजून त्यांचा लगदा झाला होता. काचेवरून उतरणारे पावसाचे पाणी बाहेर जाण्याऐवजी पंख्याच्या हवामार्गातून आत झिरपत होते. शाम्पूमुळे वास गेला नाहीच, उलट त्या नमद्यात आणखी पाणी गेले.

म्हणून कार्पेट वरून हाताला कोरडे लागले की आत सारे ठीक आहे असे मानू नये. कार्पेटखाली जाड नमदा किंवा स्पंजचा थर असतो आणि तो महिनोन् महिने पाणी धरून ठेवतो. दाराच्या उंबऱ्यावरील प्लॅस्टिकची पट्टी काढून कार्पेटची कड उचलावी आणि चारही बाजूंना खालपर्यंत हात घालून पाहावे. डिकीत स्टेपनी उचलून तिच्या खड्ड्यातही पाहावे, कारण मागच्या दिव्यांचे किंवा डिकीच्या दाराचे रबर कडक झाले की पाणी तिथे उतरते. दारांच्या खालच्या कडेला पाणी निचरण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती मातीने बुजली तर दारात पाणी साठते. छताला उघडणारी काच असेल तर तिच्या कोपऱ्यांतील नळ्याही तपासाव्यात.

गळती शोधताना घाईने सगळ्या गाडीवर एकदम पाणी मारणे ही आणखी एक चूक आहे, कारण त्याने पाणी कोठून आले हे कधीच कळत नाही. एकाने टॉर्च घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने नळीचे संथ पाणी आधी खालच्या भागावर, मग दारांवर, मग पुढच्या काचेच्या तळाशी आणि शेवटी छतावर, प्रत्येक ठिकाणी काही मिनिटे सोडावे.

ओल फक्त पुढच्या डाव्या पायाशी असेल आणि पाऊस नसतानाही वाढत असेल, तर एसीकडे लक्ष द्यावे. एसी चालू असताना आतील कॉइलवर हवेतील बाष्पाचे पाणी होते आणि ते एका नळीने गाडीखाली टपकते. दमट दिवशी एसी अर्धा तास चालवूनही खाली थेंब पडत नसेल, तर ती नळी तुंबली आहे आणि पाणी आत उतरत आहे असे समजण्यास हरकत नाही. वास गोडसर असेल, काचेवर आतून चिकट थर बसत असेल आणि कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी घटत असेल, तर हीटरच्या कॉइलमधून कूलंट गळत असण्याची शक्यता मोठी असते. ते काम घरी न करता मेकॅनिककडेच द्यावे.

एसी सुरू करताक्षणी वास येतो आणि मग कमी होतो, अशी तक्रार असेल तर बुरशी कॉइलवर किंवा आत येणारी हवा गाळणाऱ्या केबिन फिल्टरवर आहे. बहुतेक गाड्यांत हा फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. जुन्या गाडीतील फिल्टर झटकून परत बसवू नये, नवाच घालावा. कॉइलसाठी फेस होणारे खास क्लीनर मिळते, ते नळीद्वारे कॉइलपर्यंत पोहोचवावे लागते. डॅशबोर्डच्या जाळीतून अत्तर फवारल्याने कॉइल स्वच्छ होत नाही.

वाळवण्याच्या बाबतीत सर्वांत जास्त अधीरपणा होतो. सीट सोडवून कार्पेट बाहेर काढता आले तर उत्तम, पण सीटखाली एअरबॅगच्या आणि सीटबेल्टच्या वायरींचे, बहुधा पिवळ्या रंगाचे, जोड असतात. इग्निशन चालू असताना त्यांना हात लावू नये. आधी बॅटरी सोडवून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे, आणि खात्री नसेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरातील जाणत्या कारागिराकडून सीट काढून घ्यावी. मार्च ते मे हे या कामाचे महिने. नमदा दोन्ही बाजूंनी उन्हात पूर्ण वाळू द्यावा, आणि तो कुजून तुटत असेल तर नवाच घालावा. पावसाळ्यात काचा उघड्या ठेवून गाडी वाळत नाही, कारण बाहेरची हवाच ओली असते. त्यापेक्षा छताखाली उभ्या गाडीत टेबलफॅन लावावा, किंवा मोकळ्या जागी इंजिन सुरू ठेवून एसी चालवावा, कारण एसी हवेतील बाष्प काढून घेतो.

बुरशी दिसत असेल तर मास्क आणि हातमोजे घालावेत, दम्याच्या रुग्णांना दूर ठेवावे, आणि कोरड्या ब्रशने ती झाडू नये, कारण तिचे कण गाडीभर पसरतात. सौम्य साबणाच्या किंचित ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी. ब्लीच वापरण्याचा मोह टाळावा. त्याने कपड्याचा रंग उडतो, धातू गंजतो आणि सीटबेल्टचे धागे कमजोर होतात. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो, म्हणून बंद गाडीत ही दोन्ही एकत्र येऊच देऊ नयेत. छताचा कपडा पाण्याने भिजवू नये. तो स्पंजवर डिंकाने चिकटवलेला असतो आणि डिंक सुटला की खाली लोंबतो. बंद गाडीत धूप किंवा कापूर जाळण्याची पद्धतही सोडून द्यावी. आगीचा धोका आहेच, आणि धूर ओल्या कपड्यात शिरून वासात आणखी एक वास मिसळतो.

खाण्याचा सोडा चांगला उपयोगी पडतो, मात्र तो शेवटी वापरायचा असतो. ओल्या कार्पेटवर टाकला तर त्याचे गोळे होतात आणि ते खाचांतून निघत नाहीत. सर्व कोरडे झाल्यावर तो पसरावा, रात्रभर ठेवावा आणि व्हॅक्यूमने ओढून घ्यावा. वास घालवण्यासाठी ओझोन वायू सोडणारे यंत्रही याच टप्प्यावर वापरावे, तेही गाडीत कोणी नसताना. त्यानंतर सर्व दारे उघडून हवा खेळू द्यावी, कारण ओझोन फुप्फुसांना अपायकारक असतो आणि वारंवार वापरल्यास रबराला चिरा पाडतो.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीबाबत मात्र मी वेगळाच सल्ला देईन. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी कोल्हापूर शहरातील सखल वस्त्यांत शिरले आणि शिरोलीजवळ महामार्गही बंद पडला. अशा पाण्यात गाळ आणि सांडपाणी मिसळलेले असते. गाडी पाहताना सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा. आतल्या टोकाला वाळलेला गाळ, सीटच्या रुळांवर गंज किंवा डॅशबोर्डच्या आत पाण्याची रेघ दिसली, तर किंमत कितीही उतरली तरी ती गाडी घेऊ नये. तिच्यात वासापेक्षा वायरिंगचा आणि एअरबॅगच्या जोडांचा धोका मोठा आहे. विकणाऱ्याने आधीच भरपूर अत्तर फवारले असेल, तर काचा बंद करून गाडी तासभर उन्हात ठेवावी आणि मग दार उघडून पाहावे.

दुरुस्तीनंतर मुक्कामाला पोहोचण्याच्या चार-पाच मिनिटे आधी एसीचे बटण बंद करून पंखा चालू ठेवावा, म्हणजे कॉइल कोरडी होते. वायपरखालची पाने दर महिन्याला काढावीत. पहिला जोराचा वळीव पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या दोन्ही बाजूंना कार्पेटखाली हात घालून पाहावे. तिथे ओल लागली, तर नळी घेऊन गळती पुन्हा पहिल्यापासून शोधावी.