माळरानावरची परकी झुडपे काढताना

पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या पर्जन्यछायेतल्या पट्ट्यात कुसळी, मारवेल, पवन्या अशा देशी गवतांचे जे माळ अजून नांगराखाली गेलेले नाहीत, त्यांची गणना सरकारदरबारी बहुधा पडीक जमिनीत होते, आणि पडीक जमीन हिरवी करण्याच्या हौसेतूनच त्यांच्यापैकी कित्येकांवर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) व वेडी बाभूळ ही परकी झाडे आली. ती काढण्यासाठी कोयता हाती घेण्यापूर्वी जमीन वन विभागाची असल्यास त्यांची परवानगी घ्यावी आणि पावसाळा सरता सरता सगळा माळ पायी हिंडून पाहावा. जिथे गवत सलग आहे व परकी झुडपे तुरळक आहेत, तिथूनच कामाला सुरुवात करावी. गर्द जाळी तोडली की केलेले काम लगेच डोळ्यांत भरते, म्हणून सगळे आधी तिकडेच धावतात. पण तिथे उघड्या पडलेल्या मातीत देशी गवताचे बी फारसे उरलेले नसते आणि पहिल्याच पावसात ती जागा गाजर गवत बळकावते. चांगल्या भागाकडून बाहेर सरकत गेल्यास रिकामी जागा शेजारचे गवतच भरून काढते.

हिवर आणि बोर ही माळाचीच झाडे आहेत, त्यांना हात लावू नये. बाभळीबाबत घोटाळा हमखास होतो. देशी बाभळीची फुले म्हणजे पिवळे गोल गोंडे आणि शेंग मण्यांच्या माळेसारखी जागोजागी आवळलेली असते. वेडीचा फुलोरा मात्र लांबट, फिकट तुऱ्यासारखा असतो.

घाणेरी (टणटणी) हे आणखी एक परके झुडूप; ते जमिनीलगत छाटणे म्हणजे त्याची मशागत करणे होय, कारण खोड आणि मूळ जिथे जुळतात तिथूनच धुमारे फुटतात. दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवलेली पद्धत सोपी आहे: बुंध्याभोवतीची माती थोडी उकरून त्या सांध्याच्या खाली, जमिनीच्या पातळीपासून ३ ते ५ सेंटीमीटर खोलीवर मुख्य मूळ तोडावे आणि झुडूप मुळे वर करून उलटे ठेवावे, म्हणजे ते पुन्हा माती धरत नाही. वेडी बाभूळही अशीच जमिनीखालून तोडावी, मात्र अधिक खोलवर, आणि तीही शेंगा पिकण्यापूर्वी; शेळ्या-गुरे शेंगा आवडीने खातात आणि लेंड्या-शेणातून बी माळभर पसरवतात. जेसीबी लावण्याचा मोह टाळावा, कारण मुरमावरचा पातळ मातीचा थर एकदा उलथला की सोबत गवताची ठोंबेही जातात.

गिरिपुष्पाची ओली फांदी मातीत रोवली तरी जगते. म्हणून ते उन्हाळ्यात तोडावे, फांद्या माळाबाहेर नेऊन वाळवाव्यात आणि बुंध्यावरचे नवे कोंब पावसाळाभर वरचेवर खुडत राहावेत. गाजर गवत जुलै-ऑगस्टमध्ये, माती ओली असताना व फुले येण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. १९८४ साली भारतात सोडलेला मेक्सिकन भुंगा त्याची पाने खातो खरा, पण कोरड्या दिवसांत तो मातीत दडून बसतो, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नये. माळ पेटवून देण्याने घाणेरी पुन्हा फुटतेच, शिवाय जमिनीवर राहणारे बरेच जीव होरपळतात.

साफ केलेल्या तुकड्यावर निदान तीन पावसाळे परत जाता येणार नसेल, तर तो हाती घेऊच नये. जिथे देशी गवत आपसूक येत नाही, तिथे शेजारच्या माळावरचे पिकलेले कुसळीचे बी हिवाळ्यात गोळा करून कोरड्या जागी ठेवावे आणि मृगाच्या सुमारास विखरावे. त्यासाठी नांगरट लागत नाही; दाताळ्याने वरची खपली मोडली तरी पुरते. कपड्यांत रुतून बसणारे तेच कुसळ ओलाव्याने पीळ सोडते, सुकताना पुन्हा पीळ घालते आणि टोकाचे बी हळूहळू मातीत खुपसत जाते.