टर्कीचा चोथा होऊ न देता ती रोजच्या जेवणात कशी करायची

टर्की कोरडीच लागते, घशाखाली उतरत नाही, असं म्हणणारं कुणी भेटलं की मी एकच विचारते, किती वेळ शिजवली होती? उत्तर ठरलेलं. "अर्ध्या किलोला वीस मिनिटं, रेसिपीत तसंच लिहिलं होतं." घोटाळा तिथेच आहे.

रोजच्यासाठी अख्खा पक्षी आणायच्या भानगडीत पडूच नका. ब्रेस्टचा बिनहाडाचा, बिनकातडीचा किलोभराचा तुकडा घ्या. शिजलेल्या 100 ग्रॅममध्ये साधारण 30 ग्रॅम प्रोटीन आणि फॅट जेमतेम 2 ग्रॅम, म्हणून तर आपण टर्कीकडे वळतो. पण जे चांगलं तेच अडचणीचं, कारण चरबीच नाही म्हटल्यावर जरा जास्त शिजलं की सावरून घ्यायला आत काहीच उरत नाही. (पॅकेटमधल्या तयार पातळ चकत्या मी यात धरत नाही, त्यात मीठ बरंच असतं, मागचं लेबल वाचून बघा.)

फ्रोझन असेल तर आदल्या दिवशी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, ओट्यावर नाही. आणि कृपा करून नळाखाली धुऊ नका, जंतू धुऊन जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर सिंकभर पसरतात, ते मरतात नीट शिजल्यावरच.

रात्री मीठ चोळा, किलोला 12 ग्रॅम म्हणजे सपाट दोन छोटे चमचे, बास. बादलीभर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा वगैरे सांगतात ते मी दोनदा केलं, फ्रीजमधली अर्धी जागा गेली आणि मांस नुसतं पाणचट झालं. मात्र पॅकवर आधीच मिठाचं पाणी भरलंय असं लिहिलेलं असेल तर वरून मीठ अजिबात नको.

दुसऱ्या दिवशी तुकडा कोरडा पुसा, मिरपूड लावा, चमचाभर तेलावर दोन्हीकडून तीन-तीन मिनिटं रंग येऊ द्या आणि 160 डिग्रीच्या ओव्हनमध्ये सरकवा. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात अर्धी वाटी पाणी, झाकण, एकदम मंद आच.

आता खरी कसोटी.

पहिल्यांदा केली तेव्हा घरी सहा माणसं जेवायला होती आणि मी घड्याळ बघून बसले होते. कच्ची राहायला नको म्हणून वर आणखी दहा मिनिटं, मग अजून पाच. ताटात वाढली तर काट्याने तोडताना वातीसारखे धागे सुटत होते, पाण्याचे दोन जग संपले आणि "छान झालीये" म्हणणाऱ्या प्रत्येकाने अर्धा तुकडा चटणीखाली लपवला होता. तेव्हापासून मांस शिजवताना मी घड्याळावर विश्वास ठेवत नाही. तुकडा जाड की पातळ, फ्रीजमधून थेट काढलाय की थोडा बाहेर होता, ओव्हन खरंच 160 वर आहे का, यातलं काहीच घड्याळाला कळत नाही.

होतं काय, की साधारण 65 ते 70 डिग्रीच्या पुढे मांसातले धागे जोरात आक्रसायला लागतात आणि ओला पंचा पिळावा तसं आतलं पाणी बाहेर पडतं. ते परत आत जात नाही, वरून कितीही ग्रेव्ही ओता. दुसरीकडे साल्मोनेलासारखे जंतू कमी तापमानालाही मरतात, पण त्याला वेळ लागतो, आतलं तापमान 74 डिग्रीला पोचलं की लगेच मरतात, म्हणून घरी तोच आकडा धरायचा. म्हणजे 74 गाठायचं, पण त्याच्या पुढे फारसं जायचं नाही, आणि हा फरक डोळ्यांना दिसत नाही. रंगावरून ओळखा, रस पारदर्शक आला की झालं, हे सल्ले सोडून द्या, पूर्ण शिजलेली टर्कीही कधी कधी गुलाबीसर राहते आणि पांढरीफेक दिसणारी आत कच्ची निघू शकते.

म्हणून काटा घ्या. मांसात टोचायचा साधा डिजिटल थर्मामीटर. तो नसेल तर ब्रेस्ट करूच नका, मांडीचं मांस करा, असं माझं स्पष्ट मत आहे. काटा वरून नाही, बाजूने आडवा घाला, टोक सगळ्यात जाड भागाच्या मधोमध यायला हवं आणि भांड्याला टेकता कामा नये. अर्ध्या तासानंतर बघायला सुरुवात करा. 71 दिसलं की बाहेर काढा, वर फॉइल सैलसर टाका आणि काटा आतच राहू द्या, आतली उष्णता आकडा स्वतःच वर नेते. 74 आलं की काम झालं, दोन-तीन मिनिटं थांबूनही 73 वर अडकलं तर निमूट परत आत ढकला, तिथे हट्ट नको. मग दहा मिनिटं हात लावू नका.

कापताना धागे कुठल्या दिशेने जातात ते बघून त्यांना आडवी सुरी चालवा, धाग्यांच्या दिशेने कापलं तर बरोबर शिजलेली टर्कीसुद्धा चिवट लागते. भांड्यात उरलेल्या रसात ठेचलेला लसूण एक मिनिट परता, लिंबू पिळा, चकत्यांवर ओता.

मांडीचं मांस अगदी उलट, 85-90 डिग्रीपर्यंत निवांत शिजवलं की मऊ पडतं, कांदा-टोमॅटोत दीड तास मंद ठेवा आणि विसरा. फॅट थोडं जास्त, पण लोह आणि झिंकही जास्त. खिम्यात किसलेला कांदा घालायचा, कोरडा होत नाही, तोही 74 पर्यंत.

उरलेली दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवा. गरम करताना चमचाभर रस आणि झाकण, नाहीतर सरळ गारच खा, काकडी आणि मोहरीची पेस्ट लावून, मला तर तशीच जास्त आवडते. आणि टर्कीने झोप येते म्हणतात त्यात तथ्य नाही, ट्रिप्टोफॅन चिकनमध्येही तेवढंच असतं, झोप येते ती तिसऱ्यांदा वाढून घेतल्यामुळे.