अंगणवाडीत निरीक्षणाला बसणार असाल तर

बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांची परवानगी, पालकांची संमती, नमुना निवड हे वर्गात झालेलं असतं. त्यावर बोलत नाही, प्रबंधासाठी मुलांचा खेळ कसा टिपायचा त्यावर बोलते. फक्त पत्र लवकर टाका आणि वजनं घेण्याच्या दिवसांत सेविकाताईंच्या मध्येमध्ये लुडबुड करू नका. पोषण ट्रॅकर, म्हणजे नोंदींचं सरकारी ॲप, भरताना त्यांना तुमच्या प्रबंधाचं काय पडलंय!

मी अडकले ती पार्टेनबाईंच्या तक्त्यात. मिल्ड्रेड पार्टेन यांनी मिनेसोटातल्या बालवाडीत एकेका मुलाकडे मिनिटभर बघून मुलांच्या खेळातल्या सहभागाचे सहा प्रकार पाडले, ते १९३२ साली छापून आले. तक्ता सुटसुटीत, म्हणून सगळे तोच उचलतात. आता हे बघा. पाचेक वर्षांची मुलगी, कडेवर धाकटा भाऊ, दाराला टेकून उभी. समोर भातुकली. मिनिट संपलं, तुम्ही तक्त्यातल्या ‘नुसती बघते’ या रकान्यात खूण केलीत. थोड्या वेळाने ती तिथूनच ओरडते, “अगं, आधी भात, मग वरण!” आणि आतली पोरगी मुकाट्याने भांडं बदलते. म्हणजे खेळ हीच चालवतेय, वर भावाचं नाकही पुसतेय. तुमच्या कागदावर मात्र ती नुसती बघणारी. अशा खुणांची टक्केवारी काढलीत की ‘मोठ्या बहिणी खेळात मागे’ असा निष्कर्ष छान निघतो. साफ खोटा.

म्हणून खूण नंतर. आधी पाच मिनिटं दिसेल ते लिहा, तेही क्रियापदांत. ‘रुसली’ नको, ‘पाठ फिरवली, बांगडी चावत बसली’ चालेल. मग तीच नोंद मैत्रिणीला द्या, तिच्या खुणा तिला करू द्या. सुरुवातीला जुळणार नाहीत. घाबरू नका, कुणाच्याच जुळत नाहीत. जिथे अडतं तिथे भांडा आणि व्याख्या पक्की करा.

पहिले काही दिवस मुलं तुमच्याकडेच टक लावून बघतील, पेन मागतील. त्या नोंदी विश्लेषणात घेऊ नका. हळूहळू त्यांना तुमचा कंटाळा येतो.

आईकडून प्रश्नावली भरून घे आणि मोकळी हो, असं सांगणारे सीनियर भेटतील. अंगणवाडीतले सवंगडी आईला काय ठाऊक? मदतनीस ताईंना विचारा. खिचडीला कोण कुणाला खेटून बसतं हे त्यांना तोंडपाठ असतं. आणि चटईवर कधीच न बसलेले मार्गदर्शक ‘डेटा स्वच्छ हवा’ म्हणतील. हो म्हणा, पण कच्च्या वह्या जपून ठेवा. तोंडी परीक्षेत ‘ही मुलगी कुठल्या रकान्यात?’ असं विचारलं, तर ती पाच मिनिटं वाचून दाखवता येतात.