शेजारचा प्रवासी झिंगलेला असेल तर

देशांतर्गत विमानात दारू देतच नाहीत. त्यामुळे नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून मुंबई-दिल्लीला निघालेला माणूस झोकांड्या खात असेल, तर तो बाहेरूनच घेऊन आलाय किंवा जवळची बाटली चोरून उघडतोय. त्याला अडवायची खरी जागा म्हणजे बोर्डिंग गेट. तिथे वास, अडखळती जीभ, रांगेतली धक्काबुक्की दिसली की लगेच कर्मचाऱ्याला सांगा. नशेतल्या प्रवाशाला विमानात न घेण्याचा अधिकार कंपनीला आहे. नंतर उतरवायचं तर त्याची बॅगही खालून शोधून काढावी लागते आणि सगळ्यांनाच उशीर होतो.

आत बसल्यावर कळलं, तर बोलण्यात शिरू नका. ‘काय भाऊ, किती घेतली?’ हे गमतीतसुद्धा नको. भांडण तिथूनच पेटतं. डोक्यावरचं कॉल बटण दाबा, हळू आवाजात सांगा, जागा बदलून मागा. अंगाला हात लावला असेल तर ते त्याच शब्दांत सांगा, ‘त्रास देतोय’ असं मोघम नको.

तक्रार लेखी द्या, उतरण्याआधीच. ‘दारू पिऊन धिंगाणा घातला’ या वाक्याचा काही उपयोग होत नाही. ‘१४-सी वरच्या माणसाने ६.४० ला पाण्याच्या बाटलीतून दारू प्यायली, १४-बी वरच्या बाईंचा दंड दोनदा धरला’ असं लिहा. मागच्यापुढच्या दोघांचे सीट क्रमांकही टाका.

हा तपशील का, तर डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) २०१७ च्या नियमावलीत शिक्षा कृतीवर ठरते. शिवीगाळ, नशेतला गोंधळ: ३ महिन्यांपर्यंत उड्डाणबंदी. ढकलणं, मारणं, नको तसा स्पर्श: ६ महिन्यांपर्यंत. जिवावरचा हल्ला किंवा कॉकपिटमध्ये घुसायचा प्रयत्न: किमान २ वर्षं. निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची विमान कंपनीची समिती ३० दिवसांत निकाल देते, आणि तिच्यासमोर तुम्ही नसता, तुमचा कागद असतो. पोलिसात गुन्हा नोंदवायचा तो वेगळा.

पिणारा आपल्याच घरचा असेल, तर आदल्या रात्रीच हिशोब मांडा. एका मोठ्या पेगात, म्हणजे ६० मिलि व्हिस्कीत, सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असतं. ते निपटायला यकृताला दोन तास तरी लागतात. रात्री १० ला सावजी जेवणासोबत बसून चार मोठे पेग झाले, तर सकाळी ६ च्या विमानाला ती पुरती उतरलेली नसते. काळ्या कॉफीने जाग येते, नशा जात नाही.