जंगलातली थरारक कादंबरी कानांनी वाचायची, तर...

बेळगावहून चोर्ल्याकडे जाणाऱ्या बसमध्ये मी पहिल्यांदा अशी कादंबरी ऑडिओबुक म्हणून फोनवर लावली. जांबोटी मागे पडली, झाडी दाटली, नायक दलदलीत गुडघ्यापर्यंत रुतला आणि कणकुंबीच्या अलीकडे रेंज गेली. स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहिलं. तो बिचारा पुढचा तासभर चिखलातच उभा.

आधी पुस्तक फोनमध्ये उतरवा. हे काम घरच्या वायफायवर उरकायचं. दहा तासांचं पुस्तक 64 केबीपीएसला (हा आकडा जितका मोठा तितका आवाज स्वच्छ) साधारण 290 एमबी जागा घेतं, 128 ला त्याच्या दुप्पट. नुसत्या बोलण्याला 64 पुरतं. मागे पाऊस, ओढा असे आवाज भरले असतील आणि फोनमध्ये जागा असेल, तर मोठी फाईल घ्या. उतरवून झालं की फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि मधलाच एखादा अध्याय लावून बघा. तो वाजला, तरच निघा.

नमुना ऐकल्याशिवाय पैसे टाकू नका. स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकवणारं अॅप 2017 मध्ये भारतात आलं, आणि आता मराठीत ऐकायला बरंच मिळतं. पण जंगलाच्या गोष्टीत वाचणारा चुकला की सगळं बिघडतं. गोळीबार काय, कुणीही रंगवतो. नमुन्यात कुणी नुसतं पायवाटेनं चाललेलं असेल, तो भाग नीट ऐका. तिथं तुमचं लक्ष टिकलं तर वाचणारा चांगला. वाटाड्याला नाटकातल्या गड्याची बोली लावणारे मी तिथंच बंद करतो. आमच्या खानापूर भागातली रानाची माणसं तशी बोलत नाहीत.

वेग 1 वर ठेवा. एरवी मी 1.25 वर ऐकतो, दहा तासांचं पुस्तक आठ तासांत संपतं. इथं तो मोह नको. काही अॅपमध्ये मधली शांतता आपोआप गाळायची सोय असते, तीही बंद करा. कारण रानातली बातमी आवाजाइतकीच गप्प होण्यातून कळते. बिबट्या दिसला की वानर खोकल्यासारखं खॉक करून ओरडतं, सांबर 'पोंक' करतं, आणि मग काहीच नाही. त्या 'काहीच नाही'ला चांगला वाचणारा दोन सेकंद थांबतो. अॅपनं ते दोन सेकंद कापले तर तुम्हाला बिबट्या कळणारच नाही.

बसमध्ये एकच कान भरा. दुसरा कंडक्टरसाठी. ऐन शिकारीच्या प्रसंगी त्याचं कानडी "चिल्लर कोड्री", म्हणजे सुटे द्या, कानावर पडतंच, त्याला इलाज नाही. एकाच कानानं ऐकायचं तर फोनच्या सेटिंगमध्ये अॅक्सेसिबिलिटीत जाऊन मोनो ऑडिओ चालू करा. नाहीतर डाव्या बाजूनं येणारी पावलं उजव्या कानाला ऐकूच येत नाहीत. दुचाकीवर मात्र अर्धा कानही नको.

कागद जवळ ठेवा. छापील पुस्तकात चार पानं मागे जाऊन 'हा कोण' ते बघता येतं, इथं ते जिकिरीचं. मी तिकिटाच्या मागे नदी, छावणी, टेकडी अशा तीन रेघा ओढतो आणि नावं लिहितो. दोन-तीन दिवसांच्या खंडानंतर परत लावताना दोन मिनिटं मागे जाऊन सुरू करा.

रात्री अंथरुणात ऐकणार असाल तर वीस मिनिटांचा स्लीप टायमर लावा. नाहीतर तुम्ही घोरत असता, आणि सकाळी उठून बघावं तर खुनी सापडून पुस्तक संपलेलं.

खऱ्या जंगलात शिरलात की बंद करा. हे मी जरा जोरातच सांगतो. खानापूरच्या रानात गवे आहेत, अस्वलं आहेत. 2011 साली अभयारण्य झालेल्या भीमगडच्या परिसरात बारापेडे गुहा आहेत. तिथली दुर्मीळ वटवाघळं अंधारात आपल्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवर भक्ष्य हेरतात. अशा ठिकाणी कान बुजवून चालणाऱ्याला काय म्हणावं? बस, स्वयंपाकघर, पावसाळ्यातली सोप्यावरची दुपार, ऐकायला जागा कमी आहेत का?

स्वयंपाकघराचंच सांगतो. खानापूरच्या मावशीला इअरफोन नको असतात, पिठाच्या हातानं ते सारखे काढायचे कोण? तिनं फोन रिकाम्या पितळी तांब्यात उभा केला. आवाज मोठा झाला खरा, पण वाघ पिंपात बसल्यासारखा गुरगुरायला लागला. मग तांब्यात तळाला घडी घातलेलं फडकं ठेवलं, तेव्हा कुठं तो वाघासारखा वाटला. नायक दबा धरून बसलेला, मावशीचा हात तांदळाच्या पिठावर थांबलेला, तव्यावरून वास यायला लागला.

"थांबव गा जरा," ती म्हणाली, "भाकरी करपाय लागली."