पासवर्ड बरोबर, तरी खातं लॉक? आधी मशीन शोधा

गेल्या पावसात मालवणातल्या एका पतसंस्थेतल्या बाईंचा रोज साडेदहाला फोन: "पासवर्ड बरोब्बर घालतंय ओ, तरी लॉक जाता!" दोनदा मी लांबूनच त्यांचं कॉम्प्युटरचं लॉगिन खातं अनलॉक करून दिलं. तिथेच चुकलो. चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा आला की खातं लॉक होतं, पण तो त्या बाई टाकतच नव्हत्या.

आधी साधं बघा: कॅप्स लॉक, नम लॉक, कीबोर्ड मराठीवर तर गेला नाही ना. पासवर्डच्या चौकटीतल्या डोळ्यावर क्लिक केलं की कळतं.

तरीही लॉक होत असेल तर ऑफिसातली सगळी लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवर, म्हणजे डोमेन कंट्रोलरवर, इव्हेंट व्ह्यूअर हा नोंदी दाखवणारा प्रोग्राम उघडा. विंडोज लॉग्ज, मग सिक्युरिटी, आणि फिल्टरमध्ये ४७४० टाका. ही खातं लॉक झाल्याची नोंद. तिच्यात 'कॉलर कॉम्प्युटर नेम' असतं. चुकीचे पासवर्ड त्या मशीनवरून येतायत.

आमच्याकडे नाव निघालं मागच्या खोलीतल्या मशीनचं. शिमग्याच्या सुमारास बाईंनी तिथून सर्व्हरचं शेअर्ड फोल्डर जोडून 'पासवर्ड लक्षात ठेवा'वर टिक केली होती. नंतर पासवर्ड बदलला, ती टिक मात्र विसरल्या. शिपाई सकाळी मशीन चालू करायचा आणि ते बिचारं जुनाच पासवर्ड सर्व्हरला देत बसायचं. कंट्रोल पॅनलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांच्या यादीतून, ती नोंद काढली, फोल्डर नव्याने जोडलं. नोंद तिथे नसेल तर शेड्यूल्ड टास्क (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), सर्व्हिस (पडद्यामागे चालणारे प्रोग्राम) आणि ऑफिसचा मेल असलेला मोबाइल तपासा. लॉगिन फसल्याच्या ४६२५ या नोंदीतला 'लॉगऑन टाइप' दिशा देतो: २ म्हणजे कीबोर्डवर माणूस, ३ नेटवर्कवरून, ४ टास्क, ५ सर्व्हिस.

आपल्याकडे आणखी एक भानगड. लाईट दहा वेळा जाते, त्यात मदरबोर्डवरचा सेल संपलेला. मशीनचं घड्याळ मागे पडतं. सर्व्हरच्या वेळेशी पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की केर्बेरॉस, म्हणजे सर्व्हरची ओळख तपासायची पद्धत, दारातच अडवतो. खातं लॉक नसतं, फक्त लॉगिन होत नाही. सीआर २०३२ सेल बदला, वेळ जुळवा.

कारण सापडल्यावरच ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे सर्व्हरवरच्या खात्यांच्या यादीत, खात्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अनलॉक अकाउंट'. पण नोंदीत ऑफिसातलं नसलेलंच नाव दिसलं तर अनलॉकची घाई नको. राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं (लांबून मशीन चालवायच्या सोयीचं) पोर्ट इंटरनेटवरून उघडं आहे का ते बघा, असेल तर तेच आधी बंद करा.